मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचे तीन समान वाटे ठरले होते, मग मैदानं आणि परवडणारी घरं इतकी कमी का मिळाली?

थोडक्यात सांगायचं तर, नियमातला एक शब्द बदलला म्हणून.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ साधा होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. पण जुन्या इमारती न पाडता आतला वापर बदलला, तर वाटा द्यावा लागत नव्हता. त्यामुळे मालक वाटणीच्या वाटेला फारसे गेलेच नाहीत.

२००१मध्ये सरकारने नियम बदलला: वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. म्हणजे गिरणीच्या शेड पाडल्यावर रिकामी झालेली जागा हिशेबात धरायचीच नाही! गिरणीच्या आवारात मुळात मोकळं असतंच किती? तिथेच सगळं आटोपलं. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणून लोअर परळला आज टॉवर आणि मॉल दिसतात, मैदानं शोधावी लागतात.

गिरणी कामगारांना म्हाडाच्या सोडतीत काही घरं मिळाली, हे खरं. पण अर्जदारांच्या मानाने ती फारच तोकडी. आपल्या शहराचा आराखडा वाचताना नकाशातल्या रंगांइतकंच व्याख्यांच्या पानाकडेही बघा.