रबराचा हात स्वतःचा कसा वाटू लागतो? डोळा आणि स्पर्श यांत मेंदू कोणाचं ऐकतो?

प्रश्नाचा पहिला भाग मी घरी करून पाहिलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

भांडी घासायच्या रबरी हातमोज्यात कापूस भरला. भाचीचा डावा हात पुठ्ठ्याच्या खोक्याआड लपवला, मोजा तिच्यासमोर ठेवला आणि मोज्याच्या मनगटापासून तिच्या खांद्यापर्यंत ओढणी टाकली. मग रंगकामाचे दोन ब्रश घेऊन तिच्या बोटावर आणि मोज्याच्या त्याच बोटावर एकदमच फिरवत राहिले. पाच मिनिटं झाली, काही नाही. मग लक्षात आलं, मोजा उजव्या हाताचा होता! डावा ठेवून पुन्हा केलं, तर थोड्याच वेळात पोरगी म्हणाली, "मावशी, ब्रश मोज्यावर फिरतोय ना, तिथेच मला कळतंय गं." न सांगता मोज्यावर लाटणं आपटलं, तशी तिने खोक्याआडचा खरा हात झटकन ओढून घेतला.

मूळ प्रयोग मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांचा, १९९८ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला. नंतर डोळे मिटून 'तुमचा हात कुठे आहे ते दाखवा' म्हटलं, की लोक खऱ्या जागेपेक्षा रबरी हाताच्या बाजूला सरकून दाखवत. दोन ब्रश मागेपुढे फिरवले, तर मात्र भास फिका पडतो. डोळ्यांना दिसलेला आणि कातडीला कळलेला स्पर्श एकाच क्षणी आला, तर मेंदू दोन्ही मिळून एकच घटना धरतो. हात नेमका कुठे आहे हे स्नायू-सांधे जरा मोघमच सांगतात, म्हणून जागेच्या बाबतीत डोळ्यांची सरशी होते.

पण 'डोळाच नेहमी जिंकतो' हे खरं नाही. तसं वाटायला लावणारा प्रयोग आधी झाला होता खरा: १९६४ मध्ये रॉक आणि व्हिक्टर या संशोधकांनी रुंदी आकसून दाखवणाऱ्या भिंगातून लोकांना चौरस दाखवला आणि त्याच वेळी तो हाताने चाचपायला दिला. बहुतेकांना तो आयतच वाटला. म्हणजे हाताचं म्हणणं बाद. पण मग २००२ मध्ये अर्न्स्ट आणि बँक्स या संशोधकांनी दिसणारं चित्रच मुद्दाम धूसर करत नेलं. जितकं धूसर, तितका लोकांचा अंदाज स्पर्शाकडे झुकत गेला. मेंदू दोघांचंही ऐकतो, फक्त त्या वेळी ज्याचं सांगणं जास्त पक्कं त्याला जास्त वजन देतो. अंधारात कुलपाचं भोक आपण बोटांनीच शोधतो की!

आता या हिशेबात न बसणारा एक भास, मला सगळ्यात आवडणारा. एक मोठा आणि एक लहान डबा घ्या, दोघांत तांदूळ असे भरा की डब्यासकट वजन सारखंच भरेल. उचलून पाहा, लहान डबा जड लागतो. इथे मेंदू दिसणं आणि उचलणं यांची सरासरी काढतच नाही, उलट टोक गाठतो. शार्पांतिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८९१ मध्येच नोंदवलं होतं. गंमत म्हणजे चार-पाचदा उचलल्यावर बोटं दोन्ही डब्यांना सारखाच जोर लावायला शिकतात, पण 'हा जड आहे' ही भावना तशीच राहते. माझ्या आईला दोन्ही डबे काट्यावर ठेवून दाखवले. तिचं म्हणणं, काटा बिघडलाय.