कानाची पाळी धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची असून आजवर ती माझ्याजवळच झोपत आली आहे. माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी आम्ही तिची वेगळी खोली तयार केली. तिथे ती हौसेने झोपायला जाते, मी शेजारी पडते, ती झोपली की हळूच उठून येते. पण रात्री दीडच्या सुमारास ती उशी कवटाळून आमच्या दाराशी उभी असते. यजमान म्हणतात, दोन रात्री रडू दे, सवय होईल. सासूबाई म्हणतात, एवढ्या लहान पोरीला वेगळे कशाला झोपवायचे? मी काय करावे?

उत्तर : आधी सासूबाईंचे म्हणणे घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मुले आईच्या किंवा आजीच्या कुशीत झोपत आली आहेत आणि त्यामुळे ती दुबळी झाली नाहीत. त्यामुळे शेजारची मुलगी एकटी झोपते म्हणून आपलीही झोपलीच पाहिजे, असे वाटून घेऊ नका. मात्र तुमची झोप रोज मोडत असेल आणि हा बदल तुम्हा दोघांना मनापासून हवा असेल, तर तो करण्यात काहीच गैर नाही.

आता दीड वाजता काय घडते ते पाहू. झोप रात्रभर एकसारखी नसते; ती गाढ आणि हलकी अशा आवर्तनांनी चालते आणि त्यांच्या सांध्यावर प्रत्येक माणूस क्षणभर चाळवतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपी जातो. तुमच्या मुलीला मात्र कान हातात असतानाच झोपी जाणे ठाऊक आहे, त्यामुळे चाळवल्यावर ती तो चाचपते, तो सापडत नाही आणि ती पुरती जागी होते. शिवाय डोळे मिटताना शेजारी असलेली आई डोळे उघडल्यावर नाहीशी झालेली असते. म्हणून तिला शिकायचे आहे ते कोणाला न धरता झोपी जाणे. खोलीचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

यासाठी हळूच उठून जाणे आजपासून बंद करा. तुमच्या जुन्या सुती साडीची छोटी गोधडी शिवून तिला द्या. कानाऐवजी बोटांत धरायला तिची मऊ किनार चालते आणि तिला तुमचा वास असतो. पहिले काही दिवस तिच्या पलंगाला लागून खुर्ची घेऊन बसा, पण आडवे पडू नका. ती न कुरकुरता झोपू लागली की खुर्ची थोडी मागे, मग दाराशी आणि शेवटी दाराबाहेर न्या. ‘भांडी आवरून दहा मिनिटांत बघायला येते’ असे सांगितले असेल, तर ती जागी असो वा झोपलेली, दहा मिनिटांनी जाच. या सगळ्याला तीन-चार आठवडे लागतील असे धरून चला.

रात्री ती आलीच, तर दिवा न लावता, न रागावता हात धरून तिला परत न्या, पांघरूण घाला, दोन शब्द बोला आणि खुर्ची त्या दिवशी जिथे असेल तिथे बसा. एका रात्री परत नेले आणि दुसऱ्या रात्री कंटाळून कुशीत घेतले, तर ती रोज येऊन पाहणारच. यजमानांनाही हे पटवा, कारण दीड वाजता त्यांनाही उठावे लागेल. रडू देण्याचा मार्ग मला मान्य नाही. बोलता येणाऱ्या, समजणाऱ्या मुलीला बंद दारामागून उत्तर मिळू नये, हे मनाला पटत नाही.

झोपेच्या वेळेचाही विचार करा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास झोप लागते. सकाळी साडेसहाला शाळेसाठी उठायचे असेल आणि दुपारची झोप सुटली असेल, तर साडेआठला डोळा लागायला हवा. बाबा नऊला घरी येत असतील, तर मूल त्यांच्या वाटेकडे कान लावून जागते. बाबांनी सकाळची आंघोळ आणि शाळेची तयारी आपल्याकडे घेतली, तर ती ओढ कमी होते. झोपेआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद असावा. बागुलबुवाची भीती तर घरात कोणीच घालू नये. या वयात अंधाराची भीती खरी असते. दाराशी मंद, पिवळसर दिवा जरूर ठेवा.

ती रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत मध्येच श्वास अडखळत असेल, तर सवयीचा विचार बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढलेले टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या ग्रंथी) हे त्याचे नेहमीचे कारण असते.

तापात तिला जवळ घेऊन झोपायला अजिबात कचरू नका. गौरी-गणपतीला गावी गेल्यावर चुलत भावंडांच्या रांगेत, आजीच्या पांघरुणात झोपू द्या. परतल्यावर चार दिवस ती पुन्हा दाराशी येईल, तेव्हा खुर्ची पलंगाजवळ आणून तिथूनच सुरुवात करा.