विधानसभा लढवू पाहणाऱ्या तरुण कार्यकर्त्यास

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुढची विधानसभा लढवायची असे तू ठरवले आहेस आणि तिकिटासाठी मुंबईत कोणाला भेटावे, हा तुझा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी आज देणार नाही, कारण तिकिटाआधी विचारायला हवे असे बरेच काही तुझ्या पत्रात राहून गेले आहे. वयाची 25 वर्षे पूर्ण केलेल्या सर्वसाधारण उमेदवाराला 10,000 रुपये अनामत भरून अर्ज दाखल करता येतो आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती रक्कम जप्त होते. उभे राहणे अवघड नाही. एकाच दुष्काळी तालुक्याने एकाच माणसाला पन्नास वर्षे का निवडून द्यावे, हे समजून घेणे अवघड आहे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले आणि 2014 मध्ये अकराव्यांदा निवडून आले, तेही पक्ष आणि मतदारसंघ न बदलता. त्यांच्या विजयांची मोजदाद सगळेच करतात. तू त्यांच्या दोन पराभवांचा अभ्यास कर. 1972 मध्ये ते हरले आणि दोन वर्षांनी पोटनिवडणुकीत परत आले. 1995 मध्ये ते अवघ्या 192 मतांनी पडले. आजच्या मतदारसंघातील मतदान केंद्रे मोजली, तर हे अंतर केंद्रामागे एक मतही भरत नाही. तरीही 1999 मध्ये सांगोल्याने त्यांनाच पाठवले. आमदारकी नसतानाही ज्याच्याकडे पाण्याचे गाऱ्हाणे घेऊन लोक जातात, त्याची आमदारकी खऱ्या अर्थाने गेलेली नसते, असे मला मनापासून वाटते.

मी एका आमदारांकडे बरीच वर्षे टपाल सांभाळले, हे तुला ठाऊक आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर, सातबाऱ्याच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहिलेले अर्ज रोज यायचे. त्यातले बहुतेक तहसीलदारांना किंवा वीज कार्यालयाला एक फोन केला की मार्गी लागत आणि आमदारांचा दिवस त्या फोनांतच सरत असे. परंतु एकाच कालव्याच्या शेपटाकडच्या सात-आठ गावांतून महिनाभरात तीच तक्रार आली, की मी ते अर्ज वेगळ्या फायलीत लावत असे, कारण तो विषय फोनने सुटणारा नसून सभागृहात नेण्याचा असे. त्यातून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, तयार व्हायचा: अमुक वितरिकेचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर बहुधा ‘हे अंशतः खरे आहे’ असे येई. नवखा आमदार तेवढ्यावर खाली बसतो. ज्याच्या हातात गावांची नावे, मंजुरीची तारीख आणि झालेला खर्च असतो, तो उपप्रश्न विचारतो आणि मंत्र्यांना मुदत सांगावी लागते. ती मुदत गावात जाऊन सांगणे आणि ती उलटली की पुढच्या अधिवेशनात पुन्हा उभे राहणे, हे आमदाराचे मुख्य काम आहे. लग्ने आणि दहावे चुकवू नकोस, ग्रामीण भागात त्याची नोंद होते. मात्र केवळ हजेरीला कामाची जागा देऊ नकोस.

मतदानाच्या दिवसाबद्दल एकच सांगतो. पहिल्यांदा केंद्रात उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसलो होतो, तेव्हा मतदान संपताच आनंदाच्या भरात मी केंद्रातून निघून आलो आणि नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत घ्यायची राहिली. मतमोजणीच्या दिवशी त्या केंद्राचा आकडा ताडून पाहायला आमच्याकडे काहीच नव्हते. त्यात दोष सर्वस्वी माझाच होता. त्या हिशेबाची, म्हणजे ‘नमुना 17 ग’ची, सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय तुझा एकही माणूस केंद्र सोडणार नाही, हे आतापासून शिकव. खर्चाची मर्यादा आपल्या राज्यात 40 लाख रुपये आहे आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो, तेव्हा मंडपवाल्याची पावतीसुद्धा त्याच दिवशी वहीत चढली पाहिजे.

पत्रात तू मतदारसंघाची जातवार आकडेवारी पाठवली आहेस. ती सर्वांकडेच असते. कोणत्या गावात टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो, कोणत्या वस्तीला अजून रस्ता नाही आणि त्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर अडला आहे, याचा एकही कागद त्यात नव्हता, याचे मला वाईट वाटले. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा निदान दहा गावांचे हे टिपण स्वतःच्या हाताने लिहून आण. ते पाहू, आणि मग मुंबईला कधी जायचे ते ठरवू.

तुझा शुभचिंतक