९.८१ की ९.८०६६५? एककांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुरुत्वीय त्वरणाची किंमत एका पुस्तकात ९.८, दुसऱ्यात ९.८१, तर कोष्टकांच्या पुस्तकात ९.८०६६५ अशी दिली आहे. तोंडी गणितात तर सगळे सरळ १० धरतात. यांतली खरी किंमत कोणती आणि परीक्षेबाहेर, प्रत्यक्ष कामात, कोणती वापरावी?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपण लिहिलेल्या चार आकड्यांपैकी सर्वांत काटेकोर दिसणारा आकडा, म्हणजे ९.८०६६५, हा कोणत्याही एका गावी मोजून काढलेला नाही. वजने व मापे यांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने १९०१ साली तो ठरावाने निश्चित केला. पृथ्वीवर गुरुत्वीय त्वरण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, शिवाय उंचीप्रमाणे किंचित कमी होत जाते. सांगलीचे अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची धरून हिशेब केला, तर तेथे ते सुमारे ९.७८३ येते. तेव्हा आपल्या गावापुरते बोलायचे, तर ९.८ हा साधा आकडा ९.८०६६५ पेक्षा सत्याच्या जवळ आहे.

मग पाच दशांश स्थळांचा तो आकडा हवा कशाला? किलोग्रॅम-बल या एककाची व्याख्या करण्यासाठी. एक किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन, असे ठरले आहे. म्हणून जुन्या कोष्टकात पोलादाची ताकद ६० किलोग्रॅम-बल प्रति चौरस मिलिमीटर दिली असेल, तर ती सांगलीत, लंडनमध्ये किंवा चंद्रावरही ५८८.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच होते. या गुणाकारात स्थानिक गुरुत्वाकर्षणाचा काहीही संबंध नाही. याउलट, क्रेनला १००० किलोग्रॅमचे ओझे टांगले आणि दोरावर येणारा ताण विचारला, तर तेथे स्थानिक किंमत लागते. सांगलीत तो ताण सुमारे ९७८३ न्यूटन, म्हणजे सुमारे ९९७.६ किलोग्रॅम-बल येईल. एककाचे रूपांतर आणि भाराचे गणित या दोन ठिकाणी g हे एकच अक्षर वापरले जाते आणि माझ्या मते विद्यार्थ्यांचा बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. वर्गात ही दोन कामे पहिल्याच दिवशी वेगळी करून सांगायला हवीत.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. लोडसेलवर (बलाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या घटकावर) चालणारा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो आणि किलोग्रॅमचा आकडा दाखवतो. मध्य युरोपात जुळवून दिलेला असा काटा महाराष्ट्रात आणून तसाच वापरला, तर तो टनामागे अडीच ते तीन किलोग्रॅम कमी दाखवील. म्हणूनच काटा बसवल्यावर प्रमाणित वजने ठेवून तो जागेवर पुन्हा जुळवतात. दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण येत नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंवर एकच गुरुत्वाकर्षण असते.

नेहमीच्या कामात ९.८१ वापरायला हरकत नाही. त्यातली चूक सांगलीत ०.३ टक्क्यांच्या आत राहते. १० धरल्यास चूक २ टक्क्यांच्या थोडी पुढे जाते आणि तिची दिशा पाहावी लागते. तुळईवरचा भार काढताना ती सुरक्षित बाजूला पडते. मात्र वाऱ्याने उलटू पाहणाऱ्या फलकाला पायाचे वजन धरून ठेवील की नाही, हे तपासताना १० धरले, तर पाया आहे त्यापेक्षा जड भासतो आणि चूक धोक्याच्या बाजूला जाते.

प्रश्न : आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेच्या पंपावरील दाबमापक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाखवतो, नवा दाबमापक बारमध्ये आहे आणि पंपाच्या माहितीपत्रकात हेड मीटरमध्ये आहे. यांचा मेळ कसा घालावा? तसेच एक एचपी म्हणजे ७४६ वॅट की ७३५?
— पंपचालक, जुन्नर तालुका

उत्तर : एक चौरस सेंटीमीटर जागेवर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तर त्यात १००० घनसेंटीमीटर, म्हणजे एक किलो पाणी असते. त्यामुळे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १० मीटर हेड (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगितलेला दाब), हे कामापुरते नेमके आहे. बार हे एकक याहून थोडे मोठे आहे: एक बार म्हणजे १,००,००० पास्कल, तर एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ९८,०६६.५ पास्कल. म्हणून एक बार म्हणजे सुमारे १०.२ मीटर. जुना काटा ४.५ दाखवत असेल तर हेड ४५ मीटर, नवा ४.५ दाखवत असेल तर सुमारे ४५.९ मीटर.

येथे एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगणे मला आवश्यक वाटते. दोन्ही काट्यांचा शून्य हा हवेच्या दाबावर असतो, निर्वातावर नव्हे. पुस्तकात हवेचा प्रमाण दाब १,०१,३२५ पास्कल दिलेला असतो आणि त्यावरून पाणी १०.३३ मीटरपर्यंत ओढता येईल, असा हिशेब निघतो. हा आकडाही ९.८०६६५ प्रमाणेच ठरवून घेतलेला आहे. तो आपल्या गावचा नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर हवेचा दाब ९३,००० पास्कलच्या आसपास उतरतो आणि ओढण्याची तात्त्विक मर्यादाच साडेनऊ मीटरवर येते. त्यातून पाइपमधले घर्षण, फूटव्हॉल्व्हचा (ओढपाइपच्या तळाच्या एकमार्गी झडपेचा) अडथळा आणि पाण्याच्या वाफेचा दाब वजा केल्यावर काठावरच्या सेंट्रिफ्युगल पंपाला सहा-सात मीटरपलीकडचे पाणी भरवशाने ओढता येत नाही. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेल्यावर पंप पाणी ओढेनासा होतो, तेव्हा मोटरला दोष देण्याआधी पंपापासून पाण्यापर्यंतची उभी उंची दोर सोडून मोजावी.

एचपीचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण एकके दोन आहेत. ब्रिटिश अश्वशक्ती सेकंदाला ५५० फूट-पौंड, म्हणजे ७४५.७ वॅट, मेट्रिक अश्वशक्ती सेकंदाला ७५ किलोग्रॅम-बल-मीटर, म्हणजे ७३५.५ वॅट. पाच एचपीला एका हिशेबाने ३.७३ आणि दुसऱ्याने ३.६८ किलोवॅट येतात. मोटरच्या पाटीवर दोन्ही ३.७ च होतात, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. शक्य तेथे हिशेब किलोवॅटमध्येच करावा. लिटर प्रति सेकंद, हेडचे मीटर आणि ९.७८ यांचा गुणाकार करून १००० ने भागले की पाण्याला मिळणारे किलोवॅट येतात. सेकंदाला ५ लिटर पाणी ४५ मीटर चढवायचे असेल तर २.२ किलोवॅट लागतात आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर मोटरने ३.७ किलोवॅट द्यावे लागतात. पाच एचपीची मोटर येथे जेमतेम पुरेल.

प्रश्न : पावसाळ्यात धरणातून अमुक क्युसेक विसर्ग, असे वाचतो आणि साठा मात्र टीएमसीमध्ये असतो. दहा हजार क्युसेक दिवसभर सोडले तर किती टीएमसी पाणी जाते?
— एक वाचक, कराड

उत्तर : क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद असल्याने दहा हजार क्युसेकने दिवसभरात ८६ कोटी ४० लाख घनफूट, म्हणजे ०.८६४ टीएमसी पाणी जाते. उलट बाजूने, सुमारे ११,५७४ क्युसेक पूर्ण दिवस चालले की एक टीएमसी होतो. लिटरमध्ये हवे असल्यास घनफुटाला २८.३१७ ने गुणावे. फुटाची लांबी ०.३०४८ मीटर अशी ठरलेली असल्यामुळे या रूपांतरात मोजणीची चूक नसते, चूक असते ती विसर्गाच्या अंदाजात. म्हणून कोयनेचा १०५ टीएमसी साठा सुमारे २९७ कोटी घनमीटर असे लिहावे; कॅल्क्युलेटरवर दिसणारे पुढचे सगळे आकडे उतरवण्यात अर्थ नाही.