अमोनॉइडची नवी जाती सापडली हे कसे ठरवतात, आणि तिचे वर्णन म्हणजे नेमके काय?

खडकात मिळालेला अमोनॉइडचा जीवाश्म नव्या जातीचा आहे हे संशोधक कशावरून ठरवतात आणि तिचे ‘वर्णन’ करतात म्हणजे काय करतात, असे आपण विचारले आहे. माझे काम याच जीवाश्मांशी निगडित असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

अमोनॉइड हे माकूळ आणि माखली यांच्या गणगोतातले सागरी प्राणी. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, ते उदयाला आले आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियसच्या अखेरच्या महाविनाशात, संपले. त्यांचे मऊ शरीर जवळजवळ कधीच टिकत नाही. आपल्या हाती लागते ते कवच, आणि पुष्कळदा तेही नाही, तर कवचाच्या आत साचून कठीण झालेल्या गाळाचा साचा. म्हणून नमुना वेगळा दिसतो एवढ्यावरून नवी जाती मानता येत नाही. तो वेगळेपणा वयाचा, लिंगाचा, एकाच समूहातील स्वाभाविक विविधतेचा किंवा दाबाखाली कवच चेपल्याचा नाही, हे आधी दाखवावे लागते. माझ्या मते वर्णनाचा खरा कस येथेच लागतो.

लिंगभेदाचेच पाहा. एकाच थरात मिळणारी मोठी कवचे आणि तोंडाशी पुष्कळदा कानासारखे पाळे असलेली लहान कवचे यांना दीर्घकाळ वेगवेगळी नावे दिली जात होती. त्यांची आतली वेटोळी सारखीच असतात आणि ती एकाच जातीच्या माद्या व नर असावीत, हे पुराजीवशास्त्रज्ञ माकोव्स्की यांनी १९६२ मध्ये आणि कॅलोमन यांनी १९६३ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. विविधतेची कथाही अशीच आहे. ज्युरासिकमधील सोनिनिया या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) बकमन या अभ्यासकांनी कितीतरी जाती पाडल्या होत्या. वेस्टरमन यांनी १९६६ मध्ये दाखवले की फुगीर वेटोळ्यांवर ठळक बरगड्या (कवचावरचे लांबट उंचवटे) व गाठी, चपट्या वेटोळ्यांवर पुसट बरगड्या आणि या दोहोंमधील सर्व पायऱ्या एकाच समूहात आढळतात. एकुलत्या एका नमुन्यावरून नवे नाव सुचवले गेले की अभ्यासक बिचकतात, ते यामुळेच.

वयाच्या बाबतीत मात्र अमोनॉइड फार उदार आहेत. प्राण्याचे बालपणीचे कवच आतल्या वेटोळ्यांत तसेच राहते, त्यामुळे चांगल्या नमुन्याचा मधोमध छेद घेतला तर जवळजवळ सगळी वाढ त्यात वाचता येते. कवचाच्या आत कप्पे पाडणारे शेवटचे पडदे एकमेकांजवळ आलेले असतील, तर तो प्राणी बहुधा पूर्ण वाढलेला होता.

सर्वांत बोलका पुरावा शिवणरेषेचा. कप्प्यांमधील पडदा कवचाच्या भिंतीला जिथे जोडला जातो, तिथे ही नागमोडी रेषा उमटते. तिच्या मागे वळलेल्या भागांना लोब आणि तोंडाकडे झुकलेल्या भागांना सॅडल म्हणतात. कवचाचा थर निघाला असेल तरच ती साच्यावर दिसते, आणि साचा जास्त झिजला असेल तर तिची बारीक दंतुरता जाऊन ती मुळापेक्षा साधी भासते. शिवाय वाढीबरोबर ती गुंतागुंतीची होत जाते, म्हणून वेटोळ्याची उंची किती असताना रेषा काढली हे आकृतीजवळ नोंदवतात. कवचाच्या बाहेरच्या कडेचा मध्य दाखवणारा बाण काढतात, त्याचे टोक तोंडाकडे असते. छायाचित्रापूर्वी नवसागर तापवून त्याच्या वाफेचा पांढरा, अतिशय पातळ लेप नमुन्यावर बसवतात; मग दगडाचे डाग व रंग झाकले जातात आणि वरच्या डाव्या बाजूने तिरपा प्रकाश टाकला की पुसट बरगड्याही उठून दिसतात.

यानंतर व्यास, वेटोळ्याची उंची व जाडी, नाभीची (वेटोळ्यांच्या मध्यभागी असलेल्या खोलगट भागाची) रुंदी आणि त्यांची गुणोत्तरे देऊन जवळच्या प्रत्येक ज्ञात जातीशी तुलना करतात. नाव ज्याला कायमचे बांधलेले असते असा एक नमुना होलोटाइप म्हणून निवडून संग्रहालयात ठेवतात. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नावांसाठी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने नामधारक नमुन्याचा स्पष्ट उल्लेख बंधनकारक केला आहे. नमुना नेमक्या कोणत्या थरातून काढला ही नोंदही तितकीच मोलाची आहे, कारण अमोनॉइडवरून खडकांचे वय ठरवले जाते आणि थर ठाऊक नसलेला सुंदर नमुना त्या कामी फारसा येत नाही.

एवढे करूनही पुरावा अपुरा राहिला, तर प्रामाणिक अभ्यासक नवे नाव देत नाही. तो प्रजातीच्या नावापुढे केवळ ‘एसपी.’ (म्हणजे जाती निश्चित नाही) असे लिहितो आणि त्याच थरातून आणखी नमुने मिळेपर्यंत थांबतो.