चिंता आणि नैराश्यात योगाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण उपचारांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नाही. चिंता वाढली की आधी श्वासाकडे वळा: ४ आकडे मोजत आत, ६ ते ८ मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूतून हृदयाकडे जाणारी नस) हृदयाचे ठोके मंदावतात, धडधड उतरते. भ्रामरी प्राणायामात भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडताना हेच आपोआप घडतं, म्हणून मला ती सगळ्यात सोपी वाटते. घाबरलेलं असताना कपालभाती, भस्त्रिका मात्र नकोच. जलद श्वासाने चक्कर, मुंग्या येऊन भीती आणखी वाढू शकते.

नैराश्यात अंथरुणातून उठणंच जड जातं. अशा दिवशी उभं राहून हात वर ताणले तरी पुरे. शवासनात विचार अंगावर येत असतील तर डोळे उघडे ठेवा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि जीव नकोसा वाटत असेल तर आजच डॉक्टरांना गाठा.