कुत्रं पास, बाकीचे काठावर

प्रश्न : कुत्र्यावरचा एक कमी खर्चातला कौटुंबिक सिनेमा आम्ही घरी पाहिला. लेक हुंदके देऊन रडली. सासरे म्हणाले, "कुत्रं सोडून एकालाही काम जमत नाही." मिस्टर मध्येच घोरायला लागले. बरोबर कोण?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, मीही पाहिला तो. सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा. बापाचे ओठ मिटल्यावर संवाद ऐकू येतो. पाऊस अंगणात पडतो आणि मागच्या भिंतीवर लख्ख ऊन! पण फाटकापाशी बसलेलं ते कुत्रं स्कूटर दिसायच्या आधी एकच कान वळवतं ना, तिथं मी हातातला चहा खाली ठेवला. हरिपूरला आमचा मोत्या अस्साच बसायचा, वडील आयर्विन पुलावरून यायच्या वेळेला. (नीट बघा, कुत्र्याची नजर मुलाकडे नसतेच, कॅमेऱ्याच्या उजवीकडे असते. तिकडे कुणीतरी बिस्किट धरून उभं असणार.)

लेकीला सांगा, कुत्र्याला लंगडणं शिकवता येतं, त्याचा पाय धड असणार. आपल्याकडे सिनेमात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांनुसार प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, जनावर तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो.

मिस्टर झोपले ते मामाच्या लग्नाच्या गाण्यात का? मग त्यांचं काहीच बुडालं नाही. मी तेवढ्यात भाजी निवडली.